तारा फुटला की गपचूप गेला? टी.वाय.च्या एका विद्यार्थिनीला उत्तर

तुझा प्रश्न बराच लांब होता. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तो आधी माझ्या शब्दांत मांडतो. तू ठाकुर्लीहून दादरच्या कॉलेजात येतेस, टी.वाय.ला फिजिक्स आहे. गाडीत फोन उघडला की रोज एखादी बातमी समोर येतेच. अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीनं बिग बँग खोटा ठरवला, एक तारा स्फोट न होताच गायब झाला, कृष्णविवरं नको तेवढी मोठी निघाली. आणि शास्त्रज्ञ दर आठवड्याला ‘चक्रावलेले’. तुला विचारायचंय की यातलं खरं किती, हे कोण आणि कसं पाहतं, आणि गच्चीवरून चंद्र-शुक्राशिवाय फारसं काही न दिसणाऱ्या मुलीनं या वाटेला जावं का.

तू माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून सरळ अगं-तुगं करतोय. मी पंचवीसेक वर्षं ‘ट्रान्झियंट’च्या मागे आहे. आकाशात काल नव्हतं आणि आज आहे, किंवा काल होतं आणि आज नाही, अशा वस्तूंना आमच्यात ट्रान्झियंट म्हणतात. फुटणारे तारे त्यातच येतात, कृष्णविवरानं फाडलेले तारेही.

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सोपा आहे. मुंबईच्या आकाशाची काळजी करू नकोस. मी चेंबूरला राहतो, माझ्या गच्चीवरून सप्तर्षीतले सातही तारे एका रात्रीत दिसले तर आम्ही घरात सांगतो. पावसाळ्याचे चार महिने तर विषयच नको. पण आमचं काम या आकाशावर चालतच नाही. पवईत आयआयटीत बसून जी दुर्बीण चालवतात, ती लडाखमध्ये हानलेला साडेचार हजार मीटर उंचीवर आहे. ग्रोथ-इंडिया तिचं नाव, आरसा जेमतेम ७० सेंटीमीटरचा, पूर्ण रोबोटिक. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस डिश आहेत, त्यांना ढगांचं काही वाटत नाही. २८ सप्टेंबर २०१५ ला गेलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरची क्ष-किरणांची उपकरणं घडवण्यात कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा मोठा वाटा होता. बाहेर धो धो पाऊस, लोकल बंद, आणि पडद्यावर लडाखचं स्वच्छ आकाश, अशा कितीतरी रात्री मुंबईतल्या लोकांनी काढल्या आहेत.

आता पाहतात कसं, ते.

तू रोज एकाच डब्यातून येतेस ना? मग नवा चेहरा चढला तर तुला लगेच कळतं. डब्यातली सगळी माणसं तुला नावानिशी ठाऊक नसतात, पण रोजची कोण आणि आजची कोण एवढं डोळा बरोबर ओळखतो. आमचं तंत्र तेच. आकाशाच्या एका तुकड्याचा जुना, चांगला फोटो घ्यायचा, आजचा फोटो घ्यायचा आणि दुसऱ्यातून पहिला वजा करायचा. जे स्थिर आहे ते पुसलं जातं, जे बदललं ते उरतं. आमच्यात याला नुसतं ‘सबट्रॅक्शन’ म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं, पण हवा रोज वेगळी, फोकस रोज वेगळा, त्यामुळे वजाबाकीत कचराच जास्त उरतो. म्हणून प्रत्येक ठिपक्याला संगणक गुण देतो, ‘रिअल’ की ‘बोगस’. हो, बोगस हाच अधिकृत शब्द आहे. कॅलिफोर्नियात पालोमारला २०१८ पासून झेडटीएफ नावाचा कॅमेरा हेच करतो आणि त्याच्या जोरावर दहा हजारांहून जास्त सुपरनोव्हांची, म्हणजे फुटलेल्या ताऱ्यांची, वर्णपट घेऊन (प्रकाशाचे रंग सुटे करून) ओळख पटली आहे. चिलीतल्या रुबिन वेधशाळेची पहिली चित्रं जून २०२५ मध्ये आली. तिचा आरसा ८.४ मीटरचा, कॅमेरा ३२०० मेगापिक्सेलचा, आणि दर रात्री एक कोटीच्या घरात अलर्ट, म्हणजे ‘इथं काहीतरी बदललं’ अशा सूचना, निघतील अशी तिची आखणी. तेवढे माणसानं बघायचे म्हटलं तर झोप विसरावी लागेल.

माझी फजिती सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. उमेदवारीच्या दिवसांत एका पहाटे वजाबाकीत मला एका दीर्घिकेच्या, म्हणजे गॅलक्सीच्या, कडेला टपोरा ठिपका दिसला. जुन्या फोटोत तिथं काहीच नव्हतं. मी माझ्या वरिष्ठांना झोपेतून उठवलं, जाहीर करायच्या सूचनेचा मसुदासुद्धा लिहून ठेवला. ते आले, चहाचा कप टेबलावर ठेवला आणि एवढंच विचारलं, “दुसरी फ्रेम कुठाय?” तासाभरानं घेतलेली दुसरी फ्रेम होती, मी उत्साहात ती उघडलीच नव्हती. त्यात माझा तारा दीर्घिका सोडून चार पावलं पुढं सरकला होता. मंगळ आणि गुरू यांच्यामधला एक लघुग्रह! कोट्यवधी प्रकाशवर्षं दूरचा मृत्यू म्हणून मी ज्याचा मसुदा लिहिला, तो आपल्या अंगणातला दगड निघाला. ते रागावले नाहीत. वहीत मधोमध एक रेघ मारली आणि म्हणाले, “डावीकडे मोजलंस ते लिही, उजवीकडे तुला वाटतंय ते. मध्ये भेसळ नको.”

बातमी वाचताना तू तेवढी एक रेघ मार. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

गायब झालेल्या ताऱ्याचंच बघू. त्याआधी तारा मरतो कसा, हे थोडं सांगायला हवं, आणि त्यात मुंबई येते. १९३० साली जुलैच्या अखेरीस एकोणीस वर्षांचा चंद्रशेखर मुंबईहून बोटीनं युरोपला निघाला. त्या प्रवासात तो श्वेत बटू ताऱ्यांचं, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या ताऱ्यांचं, गणित मांडत बसला आणि त्यातून निघालं की असा तारा हवा तेवढा जड असू शकत नाही. पुढे ती मर्यादा सूर्याच्या साधारण १.४ पटीवर स्थिरावली. त्याहून जड गाभा स्वतःचं वजन पेलू शकत नाही, तो कोसळतो. जानेवारी १९३५ मध्ये लंडनच्या सभेत एडिंग्टनसारख्या दिग्गज खगोलशास्त्रज्ञानं त्याची चारचौघांत खिल्ली उडवली. नोबेल मिळायला १९८३ उजाडलं. एडिंग्टनचं नाव लक्षात ठेव, पुढे पुन्हा येणार आहे.

तर, सूर्याच्या आठ-दहा पटींहून जड ताऱ्याच्या पोटात शेवटी लोखंड साठतं. लोखंड जाळून ऊर्जा मिळत नाही. चूल विझते आणि गाभा सेकंदाच्या आत कोसळतो. सगळ्यांना वाटतं स्फोट म्हणजे प्रकाश. प्रत्यक्षात ऊर्जेचे शंभर रुपये धरलेस तर नव्याण्णव रुपये न्यूट्रिनो, म्हणजे कशालाही फारसे न अडणारे सूक्ष्म कण, घेऊन जातात, रुपयाभर ऊर्जा ताऱ्याचा मालमसाला उडवण्यात जाते, आणि आपल्याला जो झगमगाट दिसतो तो एखादा पैसा. दीर्घिकेतले अब्जावधी तारे फिके पडतात ते त्या एका पैशापुढे. हे नुसतं कागदावरचं गणित नाही. २३ फेब्रुवारी १९८७ ला शेजारच्या मोठ्या मॅजेलॅनिक मेघात तारा फुटला, तेव्हा जपान, अमेरिका आणि सोव्हिएत रशियातल्या जमिनीखालच्या उपकरणांनी मिळून दोनेक डझन न्यूट्रिनो टिपले, आणि तेही प्रकाश पोचायच्या काही तास आधी. दोन डझन हा आकडा तुला हास्यास्पद वाटेल. आमच्या अख्ख्या पिढीनं त्या दोन डझनांवर प्रबंध लिहिले. मागं उरलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याची, म्हणजे कोसळलेल्या गाभ्याच्या घट्ट गोळ्याची, खूण मात्र २०२४ मध्ये, वेबच्या निरीक्षणांतून मिळाली.

अडचण अशी की कोसळणारा गाभा आणि उडणारं कवच यांची झटापट दरवेळी स्फोटाच्या बाजूनंच सुटेल असं नाही. आतून येणारा धक्का मध्येच अडकतो. न्यूट्रिनोंनी त्याला पुन्हा रेटा दिला तर तारा फुटतो. रेटा कमी पडला तर सगळं आत पडतं आणि कृष्णविवर बनतं, बाहेर फारसा गाजावाजा नाही. गणितज्ञ हे फार वर्षं सांगत होते. पण दिसलं नाही ते शोधायचं कसं?

तुझ्या बातमीतला तारा देवयानी दीर्घिकेतला, २५ लाख प्रकाशवर्षांवरचा. नाव रुक्ष आहे, एम३१-२०१४-डीएस१. २०१४ च्या सुमारास तो अवरक्त प्रकाशात (डोळ्यांना न दिसणाऱ्या, उष्णतेच्या प्रकाशात) उजळला, मग मंदावत गेला, आणि काही वर्षांत दृश्य प्रकाशात मूळच्या दहाहजाराव्या हिश्शापेक्षाही खाली गेला. तेव्हा कुणाचंच लक्ष नव्हतं. नासाच्या एका अवरक्त उपग्रहाची जुनी निरीक्षणं नंतर चाळताना तो सापडला. म्हणजे हाही वजाबाकीचाच खेळ, फक्त उरलेला आकडा उणे. आता रेघ मार. डावीकडे: तारा होता, जरासा उजळला, मंदावला, थोडी अवरक्त धग शिल्लक. उजवीकडे: गाभ्याचं कृष्णविवर झालं, कवचाचा थोडा भाग हळूहळू बाहेर सरकला आणि त्याची धूळ झाली. उजवी बाजू मला पटते. पण हात राखून पटते, त्याला कारण आहे. एनजीसी ६९४६ या दीर्घिकेतला असाच एक तारा २००९ मध्ये उजळून नाहीसा झाला होता. त्याचीही अशीच वाहवा झाली होती. नंतर वेबनं तिथं पाहिलं तर अवरक्तात बऱ्यापैकी उजेड होता. दोन तारे एकमेकांत मिसळून धुळीआड गेले असतील, असं म्हणायला जागा राहिली. धूळ आमच्या धंद्यातली सगळ्यात खोडकर गोष्ट! मेलेला आणि पडद्याआड गेलेला, दोन्ही सारखेच दिसतात. याचा निकाल वेळ लावेल: धूळ विरळ होत गेली आणि तरी आत काही दिसलं नाही, तर तारा खरोखर गेला.

याच्या अगदी उलट टोकाचा स्फोट म्हणजे एसएन २०२१वायएफजे. तारा म्हणजे कांदा: बाहेर हायड्रोजन, मग हेलियम, कार्बन-ऑक्सिजन, आणि खोल आत सिलिकॉन-गंधक. हे आपण वर्गात फळ्यावर काढतो. हा तारा फुटण्याआधीच इतका सोलला गेला होता की वर्णपटात थेट सिलिकॉन, गंधक, आरगॉन दिसले. फळ्यावरचा कांदा खरा असल्याचं इतक्या आतून कुणी पाहिलं नव्हतं. इतकी सालं कशानं निघाली, हे उजव्या रकान्यात अजून कोरंच आहे म्हण ना.

दूरच्या स्फोटाचं एक उदाहरण तुला आवडेल, त्यात परीक्षेत विचारण्यासारखं गणित आहे. १४ मार्च २०२५ ला एसव्हीओएम या फ्रेंच-चिनी उपग्रहानं गॅमा किरणांचा एक झोत पकडला. तो आला होता विश्व फक्त ७३ कोटी वर्षांचं असतानाच्या काळातून. अशा झोतामागून सुपरनोव्हा उजळतो हे ठाऊक होतं, मग वेबनं लगेच का नाही पाहिलं? पाहिलं १ जुलैला. कारण प्रसरणामुळे तिथलं घड्याळ आपल्याला सुमारे ८.३ पट संथ दिसतं. मार्च ते जुलै हे आपले १०९ दिवस, ८.३ नं भाग, तिथले झाले जेमतेम तेरा. नेमकी तेव्हाच असा सुपरनोव्हा पूर्ण भरात येतो. थांबायचं किती, हे आधी कागदावर ठरवून मग दुर्बीण वळवली. तो निघालाही अगदी आजकालच्या सुपरनोव्हांसारखा. मला तरी यातच आश्चर्य वाटलं. इतक्या जुन्या काळातला तारा निराळ्या तऱ्हेनं मरेल असं आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटत होतं.

आता ‘नको तेवढी मोठी’ कृष्णविवरं. इथं एडिंग्टन पुन्हा भेटतो. कृष्णविवरात पडणारा वायू तापून इतका उजळतो की त्या उजेडाचाच दाब मागून येणाऱ्या वायूला ढकलू लागतो. त्यामुळे खाण्याच्या वेगाला मर्यादा येते, तिला एडिंग्टन मर्यादा म्हणतात. ज्या माणसानं चंद्रशेखरचं कोसळणं हसण्यावारी नेलं, त्याच्याच नावाचं माप आज आम्ही कोसळून झालेल्या वस्तूंना लावतो. असो. या मर्यादेनं खात राहिलं तर वजन दुप्पट व्हायला ढोबळमानानं साडेतीन कोटी वर्षं लागतात. चक्रवाढ व्याजच ते. १०० सूर्यांचं भांडवल घेऊन १०० कोटी सूर्यांपर्यंत जायचं म्हणजे कोटीपट, म्हणजे तेवीस-चोवीस वेळा दुप्पट. लागली ८० कोटी वर्षं, तीही एक दिवस उपास न करता. आणि विश्व ६७ कोटी वर्षांचं असतानाचा, १६० कोटी सूर्यांच्या वजनाचा क्वेसार, म्हणजे वायू गिळत झगमगणारं कृष्णविवर, २०२१ सालीच जाहीर झालेला आहे, वेब आकाशात जायच्या आधी. म्हणजे हा पेच वेबनं घातलेला नाही, आमच्या उशाला तो आधीपासूनच होता.

सुटण्याच्या वाटा दोन. एक तर सुरुवातीचं भांडवल मोठं हवं: ताऱ्याच्या वाटेनं न जाता वायूचा अख्खा ढगच कोसळून एकदम दहा हजार किंवा लाख सूर्यांचं बीज. नाहीतर अधूनमधून मर्यादा मोडून बकाबका खाल्लं असलं पाहिजे. पहिल्या वाटेचं गणित मांडण्यात खगोलशास्त्रज्ञ प्रियंवदा नटराजन यांचं काम महत्त्वाचं. २०२३ मध्ये यूएचझेड१ या दीर्घिकेत, विश्व ४७ कोटी वर्षांचं असताना, क्ष-किरण फेकणारं कृष्णविवर सापडलं, ते या मोठ्या बीजाच्या कल्पनेशी चांगलं जुळतं.

पण वेबनं नवीन काय आणलं म्हणशील, तर ‘लहान लाल ठिपके’. खरोखर हेच नाव रूढ झालंय. बाळविश्वाच्या जवळजवळ प्रत्येक फोटोत ते विखुरलेले, छोटे, लालभडक. वर्णपटात हायड्रोजनची रेषा रुंद. रुंद रेषा म्हणजे वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगानं फिरतोय, म्हणजे मध्ये प्रचंड वजन, म्हणजे राक्षसी कृष्णविवर. बातम्या इथून सुटल्या. आता तू रेघ मार बघू. मोजलं काय? रेषेची रुंदी. वजन मोजलेलं नाही, काढलेलं आहे. मग खटकणाऱ्या गोष्टी दिसू लागल्या. क्ष-किरण जवळजवळ नाहीत, चमक कमी-जास्त होत नाही. अलीकडे एका गटानं दाखवलं की कृष्णविवराभोवती दाट वायूचा कोष असेल तर प्रकाश इलेक्ट्रॉनांवर आपटत बाहेर पडतो आणि रेषा त्यामुळेही रुंदावते. ते गृहीत धरलं तर वजन शंभरेक पटींनी खाली येतं. फोटो तोच, रेषा तीच, उजवा रकाना मात्र शंभर पटींनी वेगळा! बातमीत ‘अशक्य’ दिसलं की मी आधी रेषेची रुंदी कशानं आली ते शोधतो.

बिग बँग खोटा ठरला का? नाही. लवकर वयात आलेल्या दीर्घिका दिसल्या की ‘दीर्घिका किती झपाट्यानं घडतात’ याचं आमचं गणित हलतं, विश्व प्रसरण पावतंय हे हलत नाही. आपल्याकडचंच उदाहरण आहे. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोल संस्थेच्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या फोटोंत एक दीर्घिका शोधली, नोव्हेंबर २०२५ मध्ये ती जाहीर झाली. विश्व दीडशे कोटी वर्षांचं असतानाची, पण दोन रेखीव सर्पिल बाहू असलेली, तीस हजार प्रकाशवर्षं रुंद आणि वर्षाला साठेक सूर्यांइतके तारे जन्माला घालणारी. नाव ठेवलं अलकनंदा. आपल्या आकाशगंगेला हिंदीत मंदाकिनी म्हणतात, आणि हिमालयात अलकनंदा ही मंदाकिनीची बहीण, म्हणून. इतक्या कोवळ्या वयात तबकडी स्थिरावून बाहू उमटतील असं पुस्तकांत नव्हतं. पुस्तक बदलेल.

आणि बिग बँगवर शंका घेणं महाराष्ट्राला नवं थोडंच आहे? जयंत नारळीकरांनी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलबरोबर स्थिर-स्थिती विश्वाचा, म्हणजे विश्वाला आरंभच नाही असं मानणारा, पक्ष मांडला आणि शेवटपर्यंत बिग बँगला प्रश्न विचारत राहिले. ते कुलाब्याला टीआयएफआरमध्ये होते, नंतर त्यांनी पुण्यात आयुका ही खगोल संस्था उभी केली. २० मे २०२५ ला गेले. पुराव्यांचं पारडं त्यांच्या विरुद्ध गेलं असं मी स्पष्ट म्हणेन, आमच्यातले बहुतेक म्हणतील. पण त्यांनी समीकरणं लिहून शंका घेतली, थंबनेलवर लाल बाण काढून नव्हे.

गुरुत्वीय लहरींचं, म्हणजे जड वस्तू आदळल्या की अवकाशातच उठणाऱ्या तरंगांचं, मात्र वेगळं आहे, तिथं दोन रकान्यांमधली रेघ फार बारीक होते. चार किलोमीटरच्या नळीची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या शेकडोव्या हिश्शानं हलली, हे मोजमाप. त्या थरथरीची लय वजनं जवळपास थेट सांगते, मध्ये धूळ नाही, ढग नाही. १४ जानेवारी २०२५ ला आलेली लहर आजवरच्या सगळ्यात स्वच्छ लहरींपैकी. साधारण ३३-३३ सूर्यांची दोन कृष्णविवरं एक झाली. स्टीफन हॉकिंगनं १९७१ मध्ये म्हटलं होतं की असं मीलन होताना वजन घटलं तरी पृष्ठभागाचं एकूण क्षेत्रफळ घटू शकत नाही. इथं तीनेक सूर्यांचं वजन लहरींत उधळलं गेलं. आणि क्षेत्रफळ? आधी दोघांचं मिळून २.४ लाख चौरस किलोमीटर, नंतर सुमारे ४ लाख. महाराष्ट्र ३.०८ लाख आहे. दोघं मिळून महाराष्ट्रात मावत होती, एक झाल्यावर राज्याची हद्द ओलांडून गेली. पन्नासेक वर्षं जुनं प्रमेय इतक्या खात्रीनं तपासलं जाईल असं माझ्या विद्यार्थिदशेत कुणी म्हटलं असतं तर मी चहा पाजला असता. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. तू पीएच.डी. करशील त्या सुमाराला तिथं माणसं लागतील.

कृष्णविवर सगळं ओढून घेतं, हा गैरसमज मात्र आधी टाकून दे. सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं तर आपण गारठून मरू, पण पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील. फार जवळ गेलेल्या ताऱ्याची गत निराळी. फेब्रुवारी २०२२ मध्ये झेडटीएफला एक ठिपका सापडला, एटी२०२२सीएमसी, साडेआठशे कोटी प्रकाशवर्षांवरचा. एका बड्या कृष्णविवरानं तारा फाडला होता आणि त्यातून निघालेला झोत नेमका आपल्या दिशेनं होता. त्याचा माग घेण्यात हानलेची ती ७० सेंटीमीटरची दुर्बीण होती, जीएमआरटी होती, अ‍ॅस्ट्रोसॅटही होता. आरसा लहान असला तरी वेळेवर वळला तर काम होतं.

आता तुझ्यासाठी. पायथन आणि संख्याशास्त्र यांत हात बसव, सापेक्षतावाद नंतर शिकता येतो. झेडटीएफचे अलर्ट खुले आहेत, वेबची निरीक्षणंही ठराविक मुदतीनंतर खुली होतात, घरी बसून उघडता येतात. एखाद्या सुपरनोव्हाचा ‘लाइट कर्व्ह’, म्हणजे दिवसागणिक चमकीचा आलेख, स्वतः काढ, दुसऱ्यानं काढलेला नुसता पाहू नकोस. खगोल मंडळाबरोबर एकदा वांगणीला जा. शेवटच्या गाड्यांचा अंदाज घेऊन, डासांचं मलम घेऊन. हौशी लोकांना कमी लेखू नकोस: मे २०२३ मध्ये सप्तर्षीच्या शेपटीजवळच्या एम१०१ दीर्घिकेतला सुपरनोव्हा जपानच्या कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकानं सगळ्यांच्या आधी पकडला.

आणि ठाकुर्लीच्या गच्चीवरून करता येईल असं एक खरंखुरं निरीक्षण सांगतो. हिवाळ्यात मृग नक्षत्र मुंबईच्या उजेडातही दिसतं. पोटातला तीन ताऱ्यांचा बाण सापडला की चार पाय सापडतात. त्यातला तांबूस तो काक्षी. २०१९ च्या अखेरीपासून तो मंदावत गेला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये शेजारच्या पायाच्या, बेलाट्रिक्सच्या, बरोबरीला उतरला. मला चेंबूरच्या गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी तो फरक कळत होता. ‘आता फुटणार’ म्हणून गिल्ला झाला. मोजलं होतं फक्त मंदावणं. पुढे हबलच्या निरीक्षणांतून दिसलं की ताऱ्यानं अंगावरचा मोठा लोळ बाहेर फेकला होता, त्याची थंड होऊन धूळ झाली आणि ती आडवी आली. पुन्हा धूळच.

तेव्हा डिसेंबर ते मार्च, आठवड्यातून एकदा, रात्री नवाच्या आसपास गच्चीवर जा. दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू दे, फोन खिशात ठेव. काक्षीची तुलना रोहिणीशी कर आणि बेलाट्रिक्सशी कर: कुणापेक्षा उजळ, कुणापेक्षा मंद, दोघांच्या मधे असेल तर कुणाच्या किती जवळ. तारीख, वेळ आणि ढग होते का ते लिही. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून ठेव आणि पहिला हिवाळाभर उजवी बाजू कोरी सोड. मार्च संपला की वहीचे फोटो मला पाठव.